दोन पायऱ्या वरची खूण

“साहेब, आपली टेकडी बुटकी का झाली?”

प्रश्न एवढाच होता. पण तो नगरपालिकेच्या सभागृहात, नगराध्यक्षांचं भाषण ऐन रंगात आलेलं असताना, हातबित वर न करता विचारला गेला, आणि विचारणारीचं नाव होतं भोंगा.

खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी सगळीकडे भोंगाच. ती दुसरीत असताना बाबा सुटे भाग आणायला पलीकडच्या किनाऱ्याला निघाले आणि पैशांचं पाकीट घरी विसरले. लाँच धक्का सोडून निघाली होती. पोरीने किनाऱ्यावरून अशी हाक घातली की लाँच मागे फिरली. चालवणाऱ्याला वाटलं, धक्क्यावरचा भोंगाच वाजला. त्यानंतर सात-आठ वर्षं ती बिचारी कुजबुजत बोलायची, वर्गात उत्तर येत असलं तरी ओठ मिटून बसायची. दहावीत आल्यावर मात्र काय वारं शिरलं कोण जाणे, तिने ते नाव स्वतःच्या हाताने वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकलं, खाली दोन रेघा मारून. नाव एकदा आपलं म्हटलं की चिडवणाऱ्यांची पंचाईत होते.

पैज मात्र चष्मिषने लावली होती. चष्मिष म्हणजे तिची बाकावरची मैत्रीण. दहावीच्या वर्गाला दरवर्षी नगरपालिकेत नेऊन बेटाचा भूगोल आणि इतिहास ऐकवतात. नगराध्यक्षांच्या खुर्चीमागे लाकडी फलक आहे, त्यावर क्षेत्रफळ, लोकसंख्या, विहिरी आणि शेवटी ‘सर्वांत उंच ठिकाण’. फलक नुकताच रंगवलेला. रंगाऱ्याने रंगात पाणी जरा सढळ हाताने घातलं असावं, कारण ८७.२ मीटर या ताज्या आकड्यातल्या दोनाच्या पोटातून जुना सहा डोकावत होता. आधी तिथे ८७.६ होतं. मराठीच्या पेपरात लिंग-वचन चुकवणाऱ्या चष्मिषच्या डोळ्यांतून अशा गोष्टी सुटत नाहीत.

“विचार,” ती म्हणाली. “विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन. नाही विचारलंस तर आजपासून तू पिपाणी.”

पिपाणी होणं भोंग्याला परवडणारं नव्हतं.

भाषण तोवर धक्क्यापर्यंत आलं होतं. दरवर्षी तेच भाषण, त्याच जागी तोच खोकला. बेट पळीच्या आकाराचं आहे. वाटीच्या जागी टेकडी, दांड्याच्या जागी सखल पट्टी. टेकडीवर आधी दगड फोडणारे आले, पट्टीवर मीठ पिकवणारे. दोघांच्या दोन पंचायती, दोन शिक्के, दोन घंटा. ऐंशी वर्षं त्यांनी एकमेकांशी लग्नं जमवली आणि ते एकमेकांशीच भांडले, पण धक्का कोणी बांधायचा ते ठरेना. टेकडीवाल्यांकडे दगड होता, पट्टीवाल्यांकडे खोल पाणी. अखेर दोन्ही पंचायती मोडून एक नगरपालिका केली, मग धक्का झाला. “म्हणजे मुलांनो, इतर ठिकाणी नगरपालिका धक्का बांधते, आपल्याकडे धक्क्याने नगरपालिका बांधली,” असं म्हणून नगराध्यक्ष हसत, आणि मुलांनीही हसायचं असतं. रस्ता एकच. तो बेटाला वळसा घालून जिथून निघाला तिथेच परत येतो, त्यामुळे बेटावर कोणी हरवत नाही, फार तर उशिरा पोचतो.

या वाक्यानंतर हसू ओसरायच्या आत भोंगा वाजला होता.

नगराध्यक्षांनी मोठ्या कारकुनांकडे पाहिलं. मोठ्या कारकुनांनी फलकाकडे पाहिलं. “नवीन मोजणी झाली आहे,” कारकून म्हणाले. “यंत्राने. जुनी माणसं दोऱ्या लावून मोजायची, इकडेतिकडे व्हायचंच.”

“म्हणजे टेकडी तीच आहे बाळ, आकडा सुधारलाय,” नगराध्यक्षांनी समजूत घातली.

“मग दोरीवाल्यांनी आधी चूक केली, की यंत्राने आत्ता?”

वर्ग खदखदला. गुरुजींनी डोळे वटारले. सभागृहाच्या कोपऱ्यात टेबलभर नकाशे पसरून एक बाई बसल्या होत्या. ती नवी मोजणी त्यांनीच केली होती. त्या हसल्या नाहीत. पेन्सिल कानावर अडकवून त्या फलकाकडे एकटक बघत राहिल्या.

हा आकड्यांचा खेळ भोंग्यासाठी गमतीचा नव्हता, आणि बाईंसाठी तर नव्हताच. दोन वर्षांपूर्वी भरतीचं पाणी खालच्या आळीत घोट्यापर्यंत आलं. त्यावरून पलीकडच्या मोठ्या सरकारने नियम काढला, की धक्क्यावरच्या खुणेपासून ज्या घराचा उंबरठा तीन मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे ते घर दोन वर्षांत रिकामं करायचं. मोजणीबाई आल्या, यंत्राने उंबरठे मोजले, आणि खालच्या आळीतल्या तेवीस दारांवर लाल आकडे पडले. भोंग्याच्या दारावर सात.

घर गेलं तर नगरपालिका टेकडीवर जागा देणार होती. जागा चांगली, वाराही छान. पण बाबांचं काम होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दाराशी समुद्र. होडी मागे लागते, इंजिन दोन फळ्यांवरून सरकत आत येतं. “टेकडीवर काय इंजिन डोक्यावर घेऊन चढू?” हा प्रश्न बाबा दिवसातून तीनदा विचारत, समोर माणूस असो वा नसो. हरकती ऐकायची सुनावणी गुरुवारी होती. आज सोमवार.

वर्ग बाहेर पडला तेव्हा मोजणीबाईंनी तिला दारात गाठलं.

“तो सहा तुला कसा दिसला गं?”

“मला नाही, चष्मिषला दिसला. मी फक्त ओरडले.”

“बरं केलंस. आता ऐक. एकच जागा कमी भरली, तर मी चुकले. पण सगळ्याच जागा सारख्याच कमी भरल्या, तर जिथून मोजलं ती खूण हलली. मला जुने आकडे हवेत. इथल्या फायली तर कपाटात पाणी शिरून लगदा झाल्यात. धक्क्यावरची खूण, एवढाच शब्द हाती लागला मला. जुनं काही कुठे सापडेल?”

भोंग्याला आठवलं, शाळेच्या वाचनालयात तळाच्या फळीवर एक चोपडं आहे. कोण्या जुन्या मुख्याध्यापकांनी बेटाचा भूगोल आणि इतिहास लिहून काढलेला, जांभळ्या शाईत छापलेला, मागची पानं उंदरांनी चाखलेली. त्याला कोणी हात लावत नाही, कारण परीक्षेत त्यातलं काही येत नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत ती चोपडं घेऊन बसली. चष्मिषने दोन दप्तरं खांद्यावर घेऊन शेजारी बैठक मारली. मुख्याध्यापकांना भूगोलाची फारच हौस. विहिरीचा काठ, दीपगृहाची पायरी, खाणीचं फाटक, टेकडीचा माथा, चार जागांची उंची त्यांनी दिली होती. बाईंनी दिलेल्या यादीतल्या आकड्यांशी चारही पडताळले. चाळीस सेंटीमीटर. चाळीस. एकोणचाळीस. चाळीस.

“खूण हलली,” चष्मिष म्हणाली. “भूकंप?”

“आणि आपण झोपेत होतो का?”

चोपड्यात पुढे एक ओळ होती. पहिल्या मोजणीच्या वेळी धक्क्यावर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली बाण कोरला, पाण्याकडून मोजल्यास सहाव्या पायरीवर.

शाळा सुटल्यावर ओहोटीच्या वेळी भोंगा एकटीच धक्क्यावर गेली. बावीस पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहून तिने वर मोजायला सुरुवात केली. सहाव्या पायरीवर शेवाळ होतं, एक मेलेला खेकडा होता, खूण नव्हती. रेघ आणि बाण आठव्या पायरीवर होते, स्वच्छ, समोर तोंड करून, जणू फोटोला बसलेत. एक पायरी वीस सेंटीमीटरची. दोन पायऱ्या म्हणजे चाळीस.

तिला आनंद व्हायला हवा होता आणि क्षणभर झालाही. मग आठवलं, की धक्क्याची दुरुस्ती एकदाच झाली आहे, एकोणीस वर्षांपूर्वी, आणि ती करणारा गवंडी रोज रात्री तिच्या शेजारी जेवायला बसतो.

आजोबा, बाकी सगळ्यांचे अण्णा, कारखान्याच्या दारात बसून बाबांचे नट-बोल्ट आकारावार डब्यांत लावत होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांनी थापी हातात घेतली नव्हती. पण धक्क्याचा विषय निघाला की माणूस पंचवीस वर्षांनी लहान व्हायचा. नगरपालिकेने तेव्हा त्यांचा सत्कार केला होता. पितळी ओळंबा दिला होता, तो आजही खिळ्याला लटकत होता.

“आजोबा, धक्क्याच्या पायऱ्या तुम्ही सगळ्या काढून पुन्हा बसवल्या होत्या का हो?”

“सगळ्या. बावीसच्या बावीस. एक तरी डुगडुगते का सांग.”

“नाही डुगडुगत. ती रेघ असलेली पायरी तेव्हा कुठे होती?”

“खाली होती. दोन पायऱ्या खाली.” आजोबा खुशीत आले. “अगं, ती जुन्या कारागिराची सही. रेघ नि बाण. पूर्वी प्रत्येक गवंडी दगडावर आपली निशाणी ठेवायचा. माणूस गेला, नाव गेलं, एवढी निशाणी राहिली, तीही अर्धा दिवस पाण्यात, अर्धा दिवस शेवाळात. मला बरं नाही वाटलं. म्हटलं, एवढा धक्का ज्याने बांधला त्याची सही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. घेतली दोन पायऱ्या वर.”

“सही आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला पाहिजे? गवंड्याची सही गवंड्याला कळते.”

भोंगा त्यांच्या शेजारी टेकली. तिने चोपडं उघडून ती ओळ त्यांच्यासमोर धरली. मग हळूहळू सगळं सांगितलं. खूण, उंची, चाळीस सेंटीमीटर, दारावरचा सात.

आजोबांच्या हातात एक बोल्ट होता. तो कुठल्या डब्यात जातो हे त्यांना बराच वेळ ठरवता आलं नाही.

“म्हणजे ती सही नव्हतीच,” ते शेवटी म्हणाले.

“नव्हती.”

“मग त्या बिचाऱ्याची सही कुठे होती?”

भोंग्याने चोपड्याची उंदरांनी सोडलेली पानं पुन्हा चाळायला घेतली.

संध्याकाळी भोंग्याने तेवीस घरांची यादी घेतली आणि प्रत्येक आकड्यात चाळीस मिळवले. आई शिलाई मशिनवर होडीचं ताडपत्रीचं आच्छादन शिवत होती. बाबा हातावरचं वंगण पुसत मागे येऊन उभे राहिले.

“किती सुटतात?”

“एकोणीस.”

“आणि सात नंबर?”

तिने ती बेरीज तीनदा केली होती. दोन मीटर चौतीस, अधिक चाळीस, दोन चौऱ्याहत्तर. तीनला सव्वीस कमी. “आपण नाही सुटत,” ती म्हणाली. “आपण आणि शेवटची तीन घरं.”

मशिन थांबलं. बाबा स्टुलावर बसले.

“म्हणजे अण्णांनी चार लोकांत उभं राहून ‘चूक माझी’ म्हणायचं, आणि सुटणार शेजारी. आपल्या हाती काय? बदनामी.”

“शेजारी सुटले तर तुमचं पोट दुखतं का?” आई म्हणाली.

“दुखत नाही गं. सुटू देत. पण खूण हलली एवढंच सांगावं. कोणी हलवली याच्याशी काय घेणं?”

“बाईंना विचारलं मी,” भोंगा म्हणाली. “नुसती खूण हलली म्हटलं तर ती संशयास्पद धरणार. मग पलीकडून समुद्रावरून नवीन मोजणी आणावी लागते. दोन वर्षं जातात, आणि तोवर यादी तशीच. कोणी, कधी आणि कुठून कुठे, हे तिन्ही सांगणारा माणूस पाहिजे.”

“मग तू सांग. तुझा आवाज आहेच.”

“मी तेव्हा जन्मले नव्हते, बाबा.”

आजोबा पलीकडच्या खोलीत होते. भिंत एकाच विटेची, तीही त्यांनीच बांधलेली, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते जेवायला आले, नेहमीएवढं जेवले, आणि भरती-ओहोटीच्या वेळा विचारून झोपायला गेले. म्हातारा माणूस ओहोटी का विचारतो याचा विचार कोणी केला नाही.

बुधवारी सकाळी भोंगा शाळेला निघाली तर खिळ्यावर ओळंबा नव्हता आणि कोपऱ्यात पहार नव्हती. मग मात्र तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती आळीच्या टोकापर्यंत धावली. दूर धक्क्यावर, आठव्या पायरीपाशी, आजोबा गुडघा सांभाळत वाकले होते आणि दगडाच्या सांध्यात पहारीचं टोक खुपसत होते.

“आजोबाऽऽ, थांबाऽऽ.”

लाँचवाल्याने इंजिन बंद केलं. तीन होड्या वल्ही वर करून उभ्या राहिल्या. मासळी उतरवणाऱ्यांनी टोपल्या खाली ठेवल्या. आजोबांनीही पहार सोडली.

ती धापा टाकत पोचली. “काय करताय?”

“जिथली तिथे बसवतोय. दोन पायऱ्या खाली. मिटला प्रश्न.”

“मिटला नाही, पुरता बुडाला असता. ती आठव्या पायरीवर आहे म्हणूनच तर कळतंय की हलली. तुम्ही गुपचूप खाली नेली तर बाईंनी यंत्राने चुकीच्या जागेवरून मोजलं हे कोण सिद्ध करणार?”

आजोबा पायरीवर बसले. त्यांचं तोंड समुद्राकडे होतं. “पोरी, गवंडी चुकलेलं काम बोलून दुरुस्त करत नाही. उकलून करतो. आयुष्यभर तेच केलं. भिंत वाकडी आली, पाडली. कोणाला सांगत बसलो नाही. आता या वयात त्या खुर्च्यांसमोर जाऊन उभं राहू? ज्यांनी ओळंबा दिला त्यांच्याच पुढे?”

“हो.”

“नुसतं हो?”

“मग काय सांगू? मला तर वाटतं, तुम्ही ती वर घेतलीत ते वाईट केलं नाहीत. पण एकोणीस घरं सामान बांधून बसलीत. या वेळी बोलूनच दुरुस्त करावं लागेल.”

“तू फार बोलायला लागलीस हल्ली.”

“दहावीत आहे मी.”

त्यांनी पहार तिच्या हातात दिली, उठायला तिचा खांदा घेतला, आणि घराची वाट धरली. दारात बाबा उभे होते. धक्क्यावरची बातमी माणसाआधी घरी पोचते. बाबांनी पहार घेतली, कोपऱ्यात ठेवली. “उद्या मी येतो तुमच्याबरोबर, अण्णा,” एवढंच म्हणाले.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. हरकती ऐकायच्या म्हणून अख्खी खालची आळी हजर. मोठे कारकून टिपण घेत होते, नगराध्यक्ष मधोमध, मोजणीबाई कडेला. सहावी हरकत संपल्यावर आजोबा उठले. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली.

“खूण मी हलवली,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षांपूर्वी. सहाव्या पायरीवरून आठव्या पायरीवर.”

कारकुनांचं पेन थांबलं. “कोणाच्या परवानगीने?”

“कोणाच्याच नाही. मला ती सही वाटली.”

“कसली सही?”

आजोबांनी सांगितलं. शेवाळ, जुना कारागीर, निशाणी. सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत, फक्त नगराध्यक्षांकडे न बघता त्यांच्या मागच्या फलकाकडे बघत बोलले. कोणीतरी मागून हसलं. बारा नंबरच्या काकूंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही.

“अण्णा, तुमच्या त्या सहीपायी आम्ही दोन महिने भांडीकुंडी खोक्यात भरून बसलोय. एक पातेलं बाहेर ठेवलंय, त्यातच दूध, त्यातच डाळ.”

“खरंय वहिनी,” आजोबा म्हणाले. “चुकलं माझं.”

काकूंनी आणखी बरंच बोलायची तयारी केली होती. पण समोरचा लगेच मान्य करतो म्हटल्यावर भांडणाला धार येत नाही. त्या खाली बसल्या.

नगराध्यक्षांना सत्काराचं भाषण आठवत असावं, कारण त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग म्हणाले, जागेवर जाऊन मोजू. सगळी वरात धक्क्यावर गेली. बाईंनी सहाव्या पायरीपासून आठव्या पायरीपर्यंत पट्टी धरली. “एकेचाळीस,” त्या म्हणाल्या.

“शक्य नाही,” आजोबा म्हणाले.

“पट्टी दाखवतेय, आजोबा.”

“पट्टी तिरकी धरलीत तुम्ही. माझ्या पायऱ्या वीसच्या आहेत. एकवीसची एक पायरी या धक्क्यात सापडली तर मी आत्ता पाण्यात उडी मारतो.” खिशातून त्यांनी पितळी ओळंबा काढला, वरच्या पायरीच्या कडेवरून सोडला, दोरी स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभे राहिले. “आता धरा पट्टी. या दोरीला लावून.”

बाईंनी धरली. चाळीस. कारकुनांनी लिहून घेतलं. आळीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आत्ताच चूक कबूल केलेला माणूस सेंटीमीटरसाठी सरकारी मोजणीशी भांडतो, हे त्यांना नवीन होतं.

संध्याकाळपर्यंत एकोणीस दारांवरचे आकडे चुन्याने पुसले गेले. बारा नंबरमधून खोकी उघडल्याचे आवाज रात्रीपर्यंत येत होते. भोंग्याच्या दारावरचा सात तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी मोजणीबाई स्वतः घरी आल्या. उंबरठा पुन्हा मोजला. सव्वीस कमी. त्या जायला निघाल्या तेव्हा आजोबांनी विचारलं, “नियमात काय लिहिलंय, घर की उंबरठा?”

“उंबरठा.”

“म्हणजे जोतं उचललं, आतली जमीन भरून घेतली, उंबरठा सव्वीस वर नेला, तर?”

बाई थांबल्या. “तर मी येऊन परत मोजेन. सगळीकडे तीन भरले की नाव कमी. अजून वर्षभर मुदत आहे. याआधी कोणी विचारलं नाही मला.”

“विचारणार कसं? आधी सहासष्ट कमी होतं. एवढं उचललं असतं तर माणूस रांगत घरात शिरला असता. सव्वीसचं काय, वीतभर आणि वर दोन बोटं.” आजोबा उंबरठ्यावर बोटं ठेवून मोजत होते.

बाई गेल्या. बाबा कारखान्याच्या मधोमध उभे राहून छताकडे आणि जमिनीकडे आळीपाळीने बघू लागले. इंजिनाची फळी कुठे बसेल, साखळीचा हुक किती खाली येईल, त्यांच्या ओठांवर हिशेब चालला होता. मग ते थांबले.

“करणार कोण पण? पलीकडचा गवंडी एवढ्याशा कामाला लाँचने येत नाही. माझा मोसम तोंडावर आलाय, होड्या सुट्टीभर रांगेत उभ्या राहतील. आणि अण्णा, तुम्ही दोन टोपल्या रेती उचललीत तर संध्याकाळी आम्हाला तुम्हालाच उचलावं लागेल.”

“हात सांगायला आहेत माझे,” आजोबा म्हणाले. “उचलायला नाहीत, ते खरं.”

“बघू,” आई म्हणाली. घरात ‘बघू’ म्हणजे नाही. “हिची परीक्षा संपेल, ही मावशीकडे जाईल अकरावीच्या आधीच्या वर्गांना, मग निवांत विचार करू.”

भोंगा दारात बसून बूट घालत होती. चष्मिषचा आठवडा संपायला अजून तीन दिवस होते, त्यामुळे दप्तर आधीच शाळेच्या वाटेवर गेलं होतं. एक बूट पायात, एक हातात, असं असतानाच तिने घसा खाकरला. आईने सवयीने कानावर हात नेला. पण भोंगा ओरडली नाही. शेजारी ऐकू गेलंही नसेल.

“मी सुट्टीत मावशीकडे जाणार नाहीये. वर्ग जुलैमध्येही असतात, मावशीच मागे म्हणाली होती. मे आणि जून मी आजोबांच्या हाताखाली काम करणार. ते स्टुलावर बसून सांगतील, रेती मी उचलीन, दगड मी बसवीन, चुकला तर उकलून परत बसवीन. परवानगी विचारत नाहीये, ठरवलंय ते सांगतेय. आणि बाबा, उंबरठा वर जाणार आहे, चौकटीची वरची पट्टी जागेवरच राहणार. तुम्ही आजपासून वाकून यायची सवय करा.”